काउंटरवरचा मूर्ख

नैराश्यावरची गोळी सुरू झालेल्या माणसाने थोडं मूर्ख असावं. शहाण्यांना ही गोळी धार्जिणी नाही. माझं हे मत ठाम आहे आणि ते मी पुराव्यासकट मांडणार आहे.

मूर्ख म्हणजे कोण, ते आधी पाहू. संध्याकाळची सातची वेळ, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ऐन गर्दी. एक बाई पर्समधून प्लॅस्टिकची पिशवी काढते, तिच्यातल्या सगळ्या पट्ट्या काचेवर ओतते आणि विचारते, "दादा, मला डिप्रेशनसाठी एस्सिटालोप्राम चालू आहे. त्याच्यासोबत ही गुडघ्याची गोळी चालते का?" डिप्रेशन हा शब्द ती कुजबुजत नाही. मागचा गृहस्थ गाडीची किल्ली बोटात फिरवत सुस्कारा सोडतो. सोसायटीतल्या दोघी एकमेकींकडे बघतात. दुकानातला पोरगा म्हणतो, "काकू, चालतं हो सगळं. सगळेच घेतात." बाई जागची हलत नाही. "तू फार्मासिस्ट आहेस का? मग त्यांना बोलव." आतून फार्मासिस्ट येतात, एकेक पट्टी उलटून मागची बारीक अक्षरं वाचतात आणि डायक्लोफिनॅकची पट्टी बाजूला सारतात. "ही रोज नका घेऊ. पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. ज्यांनी लिहून दिली त्यांना आजच फोन करा आणि दुसरी गोळी चालू आहे म्हणून सांगा."

रांगेतल्या सगळ्यांचा वेळ गेला. डिप्रेशनची बातमी रात्रीच्या जेवणाआधी सोसायटीभर होणार. असा हा मूर्खपणा. मी त्याला मनापासून नमस्कार करतो.

कारण त्या बाईने काय वाचवलं ते बघा. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, पॅरॉक्सेटिन ही एकाच कुळातली औषधं. मेंदूतल्या पेशी सेरोटोनिन सोडतात आणि काम झालं की परत आत ओढून घेतात. हे ओढून घेणं ही औषधं अडवतात. पण सेरोटोनिन आत ओढण्याची हीच सोय रक्तातल्या प्लेटलेट्सनाही असते. त्या स्वतः सेरोटोनिन बनवत नाहीत, रक्तातून उचलून साठवतात आणि जखम झाली की सोडतात, म्हणजे रक्त लवकर थांबतं. गोळी चालू असताना हा साठा आटतो. बहुतेकांना त्याने काहीच होत नाही. पण त्यावर रोज डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन पडू लागलं की एकीकडे जठराचं अस्तर दुबळं होतं आणि दुसरीकडे रक्त थांबायला उशीर लागतो. हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा वॉर्फरिन चालू असेल तर आणखी जपावं लागतं. शौचाला काळं होऊ लागलं, उगाच थकवा आला, तर माणूस बाहेरच्या खाण्याला दोष देतो. काचेवर पिशवी ओतणारी बाई तिथपर्यंत पोचतच नाही.

शहाण्याचा खाक्या वेगळा. बीपीची गोळी तो घराजवळच्या दुकानातून आणतो आणि डोक्याची गोळी स्टेशनपलीकडच्या. दोन्ही चिठ्ठ्या एका माणसाच्या नजरेखाली कधीच येत नाहीत, आणि त्याला तेच हवं असतं. दहाची पट्टी तो पुरी घेत नाही, पाच गोळ्या कापून मागतो. कात्री चालली की औषधाचं नाव एका तुकड्यावर राहतं आणि मुदतीची तारीख दुसऱ्यावर. हा बिननावाचा तुकडा खाकी पाकिटात जातो आणि पाकीट कपाटात साड्यांच्या घडीखाली. बायकोला माहीत असतं, आईला नसतं. दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, "काही औषधं चालू आहेत का?" तर उत्तर तयार असतं, "नाही, फक्त बीपीची." घरात लग्नाची मुलगी असेल तर या शहाणपणाला आणखी धार येते. अब्रू शाबूत राहते.

मग एक दिवस कंबर धरते. हाडांचे डॉक्टर ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉलची जोडगोळी लिहून देतात. ट्रामाडॉल वेदना कमी करतं, पण सेरोटोनिनही वाढवतं आणि फिट येण्याची शक्यताही वाढवतं. डॉक्टरांना हे चांगलं ठाऊक असतं. त्यांना साड्यांखालचं पाकीट ठाऊक नसतं. काही तासांत हात थरथरू लागतात, दरदरून घाम फुटतो, छाती धडधडते, जुलाब होतात, जिवाची घालमेल होते. पाऊल वरच्या बाजूला दाबून धरलं तर घोटा आपोआप फडफडत राहतो. मग ताप चढतो. याला सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात. सौम्य असेल तर औषधं थांबवल्यावर बहुधा दिवसभरात उतरतो. तीव्र असेल तर आयसीयू गाठावा लागतो आणि प्रसंगी जिवावर बेततं. घरातले म्हणतात, टेन्शन घेतलंय, लिंबूपाणी द्या. दवाखान्यात नेल्यावर डॉक्टर विचारतात, काय काय घेतलं होतं? आई म्हणते, "काही नाही हो, फक्त बीपीची."

मला राग येतो तो इथे. तो रुग्णावर नाही. ज्या घरांनी, ज्या सोसायट्यांनी आणि ज्या स्थळं जुळवणाऱ्यांनी ही गोळी लपवायची वस्तू करून ठेवली, त्यांच्यावर येतो. मधुमेहाची गोळी आपण पंगतीत ताटाशेजारी काढून ठेवतो.

ट्रामाडॉल एकटं नाही. खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांत डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं आणि तेही सेरोटोनिन वाढवतं. खोकल्याचं औषध कुणी औषधात धरत नाही, चमचाभर जास्त गेलं तरी कुणी मोजत नाही. लिनेझोलिड हे प्रतिजैविक औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर वापरतात. नैराश्याच्या जुन्या औषधांत सेरोटोनिन वाढवण्याचा जो गुण होता तो त्यातही थोडा आहे, म्हणून क्षयाचे उपचार सुरू करताना मनाची गोळी सांगायलाच हवी. अर्धशिशीवरचं सुमाट्रिप्टान, मनोविकारांतलंच लिथियम, हीही सांगण्याच्या यादीतली. यातल्या बऱ्याच जोड्या डॉक्टर जाणूनबुजून देतातही. मात्रा कमी ठेवतात, लक्ष ठेवतात, कशावर नजर ठेवायची ते सांगतात. जोडी सगळ्यांना माहीत असली तर तो उपचार असतो. कुणालाच माहीत नसली तर अपघात होतो.

घरातल्या वृद्धांच्या बाबतीत तर मूर्ख माणूस घरात असणं हे भाग्यच. आजोबा गेल्यापासून आजी जेवत नाही, बोलत नाही, म्हणून डॉक्टरांनी सर्ट्रालिन सुरू केलं. बीपीची गोळी आधीपासूनच आहे, आणि तिच्यात टेल्मिसार्टनबरोबर हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन आहे. सर्ट्रालिन आणि हे लघवी वाढवणारं औषध, दोन्ही रक्तातलं सोडियम खाली आणू शकतात, आणि उतारवयात ते लवकर घसरतं. पहिल्या काही आठवड्यांतच आजी गोंधळल्यासारखी वागू लागते. नातवाला दिराच्या नावाने हाक मारते, गॅस चालू ठेवून देवघरात जाऊन बसते, रात्री मोरीकडे जाताना पडते. घरातले जाणते म्हणतात, "वय झालं आता त्यांचं." सून तेवढी विचारते, "पण हे नवी गोळी सुरू झाल्यापासूनच का सुरू झालं?" सगळे तिच्याकडे बघतात. ती तरी डॉक्टरांना फोन करते, दोन्ही पट्ट्यांवरची नावं वाचून दाखवते, रक्तातलं सोडियम तपासलं जातं. वयाचं म्हणून सोडून दिलेलं दुखणं गोळी बदलून बरं होतं. अशी सून ज्या घरात नाही, तिथे आजीचं खुब्याचं हाड मोडल्यावरच रक्ताची तपासणी होते.

आता इतिहासातल्या एका मूर्खाची गोष्ट. १९५०च्या दशकात इप्रोनियाझिड हे औषध क्षयरोग्यांना देऊन पाहिलं जात होतं. रुग्ण अकारण खुशीत दिसू लागले आणि त्यातून नैराश्यावरच्या पहिल्या औषधांचं कुळ निघालं. ट्रॅनिलसायप्रोमिन त्यातलंच. काही रुग्णांना ते घेताना एकाएकी कवटी फुटावी असं डोकं दुखायचं, रक्तदाब भडकायचा, काहींना मेंदूत रक्तस्राव व्हायचा. कारण कळत नव्हतं. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातले तरुण मनोविकारतज्ज्ञ बॅरी ब्लॅकवेल यांनी याबद्दल 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. ते वाचून नॉटिंगहॅमच्या रो नावाच्या फार्मासिस्टने त्यांना पत्र पाठवलं. माझ्या बायकोला असे झटके आले आणि ते चीज खाल्ल्यावर आले, लोणी किंवा दुधाने काही होत नाही, चीजचा याच्याशी संबंध असेल का, अशी त्याची विचारणा होती.

चीज! मॉड्स्लीतल्या जाणत्यांनी त्याची थट्टा केली. औषधशास्त्राच्या मोठ्या कोड्यात स्वयंपाकघर कुठून आलं? पण पुढे रुग्णांना त्यांच्या खाण्याबद्दल विचारलं गेलं, आणि झटका येण्याआधी चीज खाल्लेले रुग्ण एकामागून एक सापडू लागले. १९६३ मध्ये ब्लॅकवेल यांनीच 'लॅन्सेट'मध्ये तो संबंध मांडला. मुरलेल्या चीजमध्ये टायरामिन असतं. एरवी आतडं आणि यकृत त्याचा निकाल लावतात. हे औषध नेमकं तेच काम थांबवतं, मग टायरामिन थेट रक्तात शिरतं आणि रक्तदाब भडकतो. आज जगभर ही औषधं देताना काय खायचं नाही याचा कागद हातात ठेवतात. त्या कागदाच्या मुळाशी बायकोच्या ताटात काय होतं ते आठवून लिहिणारा एक नवरा आहे. बायको काय जेवली यावर लंडनच्या डॉक्टरांना पत्र लिहिणं शहाण्या माणसाला कमीपणाचं वाटलं असतं.

दुसरी गोष्ट न्यूयॉर्कची, १९८४ सालची. लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी ताप आणि अंगाला बसणारे हिसके घेऊन रात्री एका नावाजलेल्या रुग्णालयात दाखल झाली. तिला नैराश्यासाठी फेनेल्झिन चालू होतं, तेही चीजवाल्या कुळातलंच. अंगाचे हिसके थांबावेत म्हणून तिथे पेथिडिनचं इंजेक्शन दिलं गेलं. ही जोडी घातक आहे हे तेव्हाही पुस्तकात लिहिलेलं होतं. सकाळपर्यंत मुलगी गेली. तिच्या मृत्यूचं नेमकं कारण काय यावर कोर्टात पुढे बरीच वर्षं वाद झाला, पण या दोन औषधांच्या टक्करीचं उदाहरण म्हणून तिचं नाव आजही वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवतात. वडील सिडनी झायन पत्रकार होते. पोरगी गेली, आता विचारून काय उपयोग, असा व्यवहारी विचार त्यांनी केला नाही. ते विचारत राहिले. रात्रभर जागणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांवर किती भार टाकला जातो, हा प्रश्न त्यातूनच चव्हाट्यावर आला आणि न्यूयॉर्क राज्याने १९८९ पासून त्यांच्या कामाला आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली.

समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणं सांगितली आणि त्याच दशकाच्या शेवटी पढतमूर्खाची वेगळी सांगितली. ते भान थोर होतं, कारण आपल्या विषयातली खरी हानी पढतमूर्खच करतो. तो मोबाइलवर अर्धं वाचतो. या गोळ्या इतर औषधांशी भांडतात, एवढं वाचून घाबरतो आणि गोळीच बंद करतो, एका रात्रीत, कुणाला न विचारता. चार दिवसांनी चक्कर येते, डोक्यात विजेचा झटका बसल्यागत होतं, झोप उडते, रडू कोसळतं. मग तो म्हणतो, बघा, सवयच लागली होती. मूळ दुखणंही परत डोकं वर काढतं, आणि नैराश्य परतणं ही साधी गोष्ट नव्हे, त्यात माणसं जीव देतात. गोळी सोडायचीच तर ती डॉक्टरांच्या सांगण्याने, हळूहळू मात्रा उतरवत सोडायची असते. फ्लुओक्सेटिनचं तर आणखीच निराळं. ते बंद केल्यावरही त्याचा अंश शरीरात आठवडे-आठवडे रेंगाळतो, म्हणून चीजवाल्या कुळातलं औषध त्यानंतर सुरू करायचं तर पाच आठवडे थांबतात. "ती गोळी मी गेल्याच महिन्यात सोडली," हेसुद्धा डॉक्टरांना सांगण्यासारखं असतं.

दुसरा पढतमूर्ख 'नैसर्गिक'वाला. सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती मन प्रसन्न ठेवते म्हणून कॅप्सूलमध्ये मिळते. ती नैराश्याच्या गोळीसोबत घेतली तर सेरोटोनिन बेसुमार वाढू शकतं. शिवाय यकृताला ती असं कामाला लावते की गर्भनिरोधक गोळ्यांसह कितीतरी औषधं वेळेआधीच शरीराबाहेर जातात. झाडपाल्यात औषध असतं असं मानायचं, मग ते औषधासारखंच वागेल हेही मानायला हवं. अश्वगंधेचं चूर्ण असो की वैद्यांचा काढा, त्याचं नाव पिशवीतल्या पट्ट्यांबरोबर सांगावं. आणि दारू. एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपामची एकत्र गोळी आपल्याकडे सर्रास लिहिली जाते. क्लोनाझेपाम आणि दारू दोन्ही मेंदूला गुंगी आणतात आणि एकत्र आल्यावर श्वासही मंदावू शकतो. "दोनच पेग घेतले होते" हे वाक्य गाडी चालवणाऱ्याच्या घरच्यांना फार उशिरा ऐकू येतं.

काही टकरी तर दिसतही नाहीत. यकृतात औषधांची वासलात लावणारी एन्झाइमं असतात. त्यातलं सीवायपी-२डी६ हे रेल्वेच्या एखाद्या तिकीट खिडकीसारखं आहे, बरीच औषधं त्याच्यासमोर रांगेत असतात. फ्लुओक्सेटिन आणि पॅरॉक्सेटिन ही खिडकी अडवून बसतात. मग हृदयासाठीचं मेटोप्रोलॉल रक्तात साचून नाडी फार मंद होऊ शकते. स्तनाच्या कर्करोगावरच्या टॅमॉक्सिफेनचं उलटं होतं. त्याचं खरं प्रभावी रूप तयार व्हायला हे एन्झाइम लागतं, म्हणून ते कमी पडू शकतं. कर्करोगाच्या धक्क्याने खचलेल्या बाईला नैराश्याचं औषध लागणं अगदी स्वाभाविक. तिला ही खिडकी न अडवणारं औषध निवडता येतं, तशी औषधं आहेत. पण त्यासाठी कर्करोगाच्या डॉक्टरांना आणि मनाच्या डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दिसली पाहिजे. ती दाखवणार कोण? तीच पिशवीवाली.

कायदाही या मूर्खांच्या बाजूचा आहे. फार्मसी व्यवसायाच्या २०१५च्या नियमांनुसार नोंदणीकृत फार्मासिस्टने औषध देताना रुग्णाशी बोलावं, परिणाम, धोके आणि इतर औषधांशी होणारी टक्कर समजावून सांगावी, अशी अपेक्षा आहे. ती बाई कुणाकडे मेहेरबानी मागत नव्हती. जे तिला मिळायलाच हवं तेच मागत होती.

तेव्हा वाचकहो, तुम्ही ही गोळी घेत असाल, किंवा घरात कुणी घेत असेल, तर माझं एवढं ऐका. गोळी घाबरून बंद करू नका. ती पुष्कळांना पुन्हा उभं करते, आणि तिच्यासोबतची बहुतेक औषधं बिनधोक असतात. कागदावर सगळ्या औषधांची नावं मात्रेसकट लिहा. काढा, चूर्ण, खोकल्याची बाटली, अधूनमधूनची डोकेदुखीची गोळी, सगळं लिहा आणि तो कागद पाकिटात ठेवा. पट्टी कापून घ्यायची वेळ आलीच तर नाव असलेला तुकडा मागा, नाहीतर पाकिटावर नाव लिहून घ्या. दाताच्या, हाडाच्या, डोळ्याच्या, सगळ्या डॉक्टरांना तो कागद विचारण्याआधीच दाखवा. नवं औषध सुरू झाल्यावर थरथर, ताप, घाम आणि घालमेल एकदम सुरू झाली तर १०८ ला फोन करा आणि कागद सोबत न्या. औषधाचा वाईट परिणाम झालाच तर १८००-१८०-३०२४ या सरकारी क्रमांकावर तो नोंदवा, तिथे रुग्णही स्वतः नोंद करू शकतो. मन फारच खचलं तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. आणि काउंटरवर तुमच्या पुढे कुणी पिशवी ओतून उभं असेल, तर सुस्कारा सोडू नका. त्यांना विचारू द्या.